स्पेक्ट्रमची चित्रं: ६९१२ बाइटची फाईल उघडायची कशी, बदलायची कशी आणि परत खऱ्या मशीनवर चढवायची कशी

मागच्या दिवाळीत माळा आवरताना काकांचा डीबी स्पेक्ट्रम प्लस हाताला लागला, आणि त्याच्यासोबत बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात अकरा कॅसेट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डीबी स्पेक्ट्रम म्हणजे सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीच्या झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस या घरगुती कॉम्प्युटरची भारतात लायसन्सवर विकलेली आवृत्ती, १९८६ च्या आसपास आलेली. कॅसेटवर गेम्स होतेच (हे कॉम्प्युटर फाईली साध्या ऑडिओ कॅसेटवर आवाज म्हणून साठवायचे), पण दोन कॅसेटवर चुलतभावाने शाळेत असताना काढलेली चित्रं होती आणि ती बाहेर काढण्याच्या नादात मी जे काय शिकलो ते सगळं इथे लिहून ठेवतोय, कारण प्रत्येक वेळी तीच शोधाशोध परत करायचा कंटाळा आलाय.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा म्हणजे पुढचं सोपं जाईल. आपल्याला जेपेग, पीएनजीची सवय, म्हणजे फाईलच्या सुरुवातीला स्वतःची ओळख, रुंदी, उंची, सगळं लिहिलेलं. जुन्या घरगुती कॉम्प्युटरवर बहुतेक वेळा असलं काही नसतं. चित्र म्हणजे स्क्रीनच्या मेमरीची जशीच्या तशी उचललेली प्रत, बास. त्यामुळे फाईलचं नाव काय आहे याला फार अर्थ नाही, तिची साईज बघायची, किलोबाइटमध्ये नाही, अगदी बाइटमध्ये.

साईजवरून ओळख

प्रॉपर्टीज उघडा आणि बाइटचा आकडा वाचा. ६९१२ असेल तर डोळे मिटून स्पेक्ट्रम. ६१४४ असेल तर स्पेक्ट्रमच पण रंग कापलेले, नुसतं काळं-पांढरं. ७०४० असेल तर स्पेक्ट्रम प्लस थ्रीच्या डिस्कवरून आलेली आहे, पुढचे १२८ बाइट हेडरचे आहेत, ते कापा की खाली ६९१२ उरतात. १०००३ म्हणजे कमोडोर ६४ या कॉम्प्युटरवरच्या कोआला पेंटर या प्रोग्रामचं चित्र. ३२०३४ म्हणजे अटारी एसटीचं डेगास, ३२१२८ म्हणजे त्याच मशीनचं निओक्रोम. पहिला बाइट २५४ असेल आणि साईज १४ किंवा १६ केबीच्या आसपास असेल तर बहुतेक एमएसएक्स जातीच्या कॉम्प्युटरची, पहिले सात बाइट पत्त्यांचे. आणि हेक्स एडिटरमध्ये (फाईलचे बाइट जसेच्या तसे दाखवणारा प्रोग्राम) सुरुवातीलाच इंग्रजीत 'फॉर्म' अशी चार अक्षरं दिसली, त्यानंतर चार बाइट सोडून 'आयएलबीएम', तर ती अमिगाची. ती या सगळ्यात सुशिक्षित, स्वतःची ओळख स्वतः सांगणारी.

एक सावधगिरी. स्पेक्ट्रमच्या चित्रांना डॉट एससीआर हे एक्स्टेन्शन लावायची पद्धत आहे, आणि विंडोजमध्ये हेच एक्स्टेन्शन स्क्रीनसेव्हरचं असतं, म्हणजे विंडोजच्या लेखी ती चालवायची फाईल. डबल क्लिक करू नका, काही होणार नाही आणि वर घाबरवणारा मेसेज येईल. मेलमध्ये जोडून पाठवली तरी पुष्कळदा अडवली जाते, झिप करूनही कधी कधी. मी सरळ ड्राइव्हवर टाकून लिंक देतो.

कॅसेटवरून उतरवून घेणं

तुमच्याकडे फाईल आधीच असेल तर हा भाग सोडून पुढे जा.

टेपरेकॉर्डरच्या इअरफोनच्या भोकातून लॅपटॉपच्या माइकमध्ये केबल, ऑडॅसिटी, ४४१०० हर्ट्झ, मोनो, वेव्ह फाईल. एमपीथ्री करायचं नाही, मी एकदा जागा वाचवायला केलं आणि अर्धी कॅसेट परत रेकॉर्ड करावी लागली, कारण एमपीथ्री कानाला जे ऐकू येत नाही ते फेकून देतं आणि कॉम्प्युटरला नेमकं तेच हवं असतं. आवाज कमी करणारी, गोंगाट काढणारी सगळी सेटिंग्ज बंद.

आणि हेड आधी साफ करा, नंतर त्याचा तिरकेपणा जुळवा. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, स्प्रिंग लावलेला, कॅसेट चालू असताना तो पाव-पाव फिरवायचा आणि ऐकत राहायचं. आवाज दबका, घोंगडीखालून आल्यासारखा असेल तर चुकीचं, तो एकदम धारदार, कानाला बोचणारा झाला की थांबा. माझ्या अकरापैकी सात कॅसेट आधी काहीच देत नव्हत्या, हा स्क्रू फिरवल्यावर त्यातल्या पाच बोलायला लागल्या. दोनांना बुरशी होती, त्या गेल्या.

मग फ्यूज नावाच्या एम्युलेटरच्या (लॅपटॉपवर स्पेक्ट्रमची नक्कल करणारा प्रोग्राम) युटिलिटीजमध्ये ऑडिओ-टू-टेप असा प्रोग्राम आहे, त्याला वेव्ह द्यायची आणि तो टॅप किंवा टीझेडएक्स फाईल बनवून देतो. टॅपची रचना इतकी साधी आहे की हाताने उघडता येते: प्रत्येक तुकड्याच्या आधी दोन बाइट लांबी, मग तो तुकडा. चित्राचे दोन तुकडे असतात, पहिला १९ बाइटचा हेडर, ज्यात दहा अक्षरांचं नाव असतं, आणि दुसरा ६९१४ चा. त्या ६९१४ मधला पहिला बाइट झेंडा (२५५) आणि शेवटचा बेरीज तपासायचा, मधले ६९१२ म्हणजे चित्र. म्हणजे एकच चित्र असलेली टॅप फाईल बरोबर ६९३७ बाइटची निघते. पहिले २४ आणि शेवटचा १ कापला की झालं.

बघायचं कसं

दोन रस्ते. घाईत असाल तर रिकॉइल. हे एक फुकट सॉफ्टवेअर आहे, जुन्या कॉम्प्युटरचे ५०० च्या वर फॉरमॅट ओळखतं, विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडे चालतं, आणि त्याच्यासोबत कमांड लाइनवर पीएनजी करून देणारा छोटा प्रोग्राम येतो. पन्नास फाईली एका झटक्यात. फक्त ते एक्स्टेन्शन बघून चालतं, म्हणून आधी साईज बघून योग्य नाव द्यायचं काम तुमचं: स्पेक्ट्रमला एससीआर, कोआलाला केओए, डेगासला पीआय१. बिननावाची फाईल दिली तर ते हात वर करतं आणि लोक म्हणतात फाईल खराब आहे.

दुसरा रस्ता फ्यूजमधूनच, फाईल मेनूत एससीआर स्क्रीनशॉट उघडायची सोय आहे. इथे चित्र खऱ्या स्पेक्ट्रमच्या मेमरीत जाऊन बसतं, लुकलुकणारे रंग लुकलुकतात, बॉर्डर दिसते. पण एक बटण दाबलं की खालच्या ओळी पुसल्या जातात, त्यामुळे नुसतं बघा, हात लावू नका.

आत काय आहे

हे समजून घेतलं नाही तरी चालेल, पण समजलं तर पुढे चित्र बिघडल्यावर कुठे बिघडलंय ते लगेच कळतं.

स्पेक्ट्रमची स्क्रीन २५६ बाय १९२. एका बाइटमध्ये आठ पिक्सेल, चालू किंवा बंद, म्हणजे ६१४४ बाइट. त्यानंतर ७६८ बाइट रंगांचे, आठ बाय आठच्या प्रत्येक चौकोनाला एक, ३२ आडवे आणि २४ उभे. मेमरीत हे सगळं १६३८४ पासून सुरू होतं, रंग २२५२८ पासून.

आता गंमत. ज्यांनी कॅसेटवरून स्पेक्ट्रमचं चित्र लोड होताना पाहिलंय त्यांना आठवत असेल, चित्र वरून खाली सरळ येत नाही. बॉर्डरवर निळ्या-पिवळ्या पट्ट्या धावत असतात, आधी वरच्या एक तृतीयांश भागात दर आठ ओळींनी एक बारीक रेघ उमटते, मग त्यांच्या खालची, मग त्यांच्या खालची, खिडकीचे व्हेनेशियन पडदे बंद होतात तसं, मग मधला भाग, मग खालचा. तोवर सगळं काळं-पांढरं. आणि अगदी शेवटी, चार-पाच सेकंदांत, रंग वरून खाली सरसर भरत येतो. पूर्ण चित्राला सुमारे ४० सेकंद. माझ्या मुलीला मी हे दाखवलं तर ती म्हणाली बाबा वायफाय स्लो आहे का.

तर मेमरीतला क्रमही हाच आहे. वरून वाय नंबरची ओळ (शून्यापासून मोजायची) फाईलमध्ये कुठे आहे ते काढायला तीन तुकडे करायचे. ६४ ने भागून जो पूर्णांक येईल त्याला २०४८ ने गुणा. उरलेल्या बाकीला ८ ने भागून येणाऱ्या पूर्णांकाला ३२ ने गुणा. आणि शेवटी उरलेली बाकी गुणिले २५६. बेरीज करा. उदाहरणार्थ ७५ वी ओळ: ७५ भागिले ६४ म्हणजे १, म्हणून २०४८. बाकी ११, त्यात आठ एकदा, म्हणून ३२. बाकी ३, म्हणून ७६८. एकूण २८४८. साध्या हिशोबाने ७५ गुणिले ३२ म्हणजे २४०० वर शोधलं असतं तर दुसरीच ओळ मिळाली असती. स्वतः कन्व्हर्टर लिहिणारे सगळे पहिल्यांदा इथेच आपटतात, आणि चित्र फणीने विंचरल्यासारखं रेघारेघांचं दिसायला लागतं. तसं दिसलं तर फाईल ठीक आहे, तुमचा क्रम चुकलाय.

रंगाचा बाइट: इंक म्हणजे शाईचा रंग ० ते ७, अधिक पेपरचा रंग गुणिले ८, उजळ हवा असेल तर अधिक ६४, लुकलुकता हवा तर अधिक १२८. रंग क्रमाने काळा, निळा, लाल, जांभळट मॅजेंटा, हिरवा, आकाशी, पिवळा, पांढरा. उजळ निळ्यावर उजळ पिवळं म्हणजे ६ अधिक ८ अधिक ६४, झाले ७८. एका चौकोनात दोनच रंग आणि उजळपणा दोघांना मिळून एकच. लाल उजळ आणि त्याच्या शेजारी साधा निळा, एकाच चौकोनात? नाही.

पीएनजी करताना

पीएनजी करा, जेपेग नाही. जेपेग अशा कडक कडांच्या चित्राभोवती धुरकट घाण आणतं. मोठं करायचं तर पूर्ण पटीत करा, तिप्पट म्हणजे ७६८ बाय ५७६, आणि मोठं करायची पद्धत निअरेस्ट नेबर, नाहीतर सगळं पुसट होतं. चित्रात लुकलुकणारा भाग असेल तर पीएनजीत तो मेला, तिथे दोन फ्रेमची जीआयएफ करावी लागते. स्पेक्ट्रम दर १६ फ्रेमला इंक-पेपर उलटवतो, सेकंदाला ५० फ्रेम, म्हणजे प्रत्येक फ्रेम ०.३२ सेकंद ठेवायची.

आणि मूळ ६९१२ वाली फाईल टाकू नका. पीएनजीवरून परत एससीआर करता येते पण कुठला रंग इंक होता आणि कुठला पेपर ते त्यात राहत नाही.

बाकीच्या मशीनचं थोडक्यात

कमोडोर ६४ चं कोआला चित्र १६० बाय २०० असतं पण पिक्सेल दुप्पट रुंद, म्हणून बघताना ३२० बाय २०० करायचं, नाहीतर सगळी माणसं उपाशी दिसतात. आत दोन बाइट पत्ता, ८००० चित्र, १००० आणि १००० रंग, १ पार्श्वभूमी. डिस्क इमेजमधून काढताना काही प्रोग्राम पहिले दोन बाइट खाऊन टाकतात आणि साईज १०००१ होते, मग काही व्ह्यूअर ती घेत नाहीत. हेक्स एडिटरने पुढे ० आणि ९६ असे दोन बाइट चिकटवा, लगेच उघडते. (९६ गुणिले २५६ म्हणजे २४५७६, कोआलाचा लोड व्हायचा पत्ता.)

अटारीच्या डेगासमध्ये २ बाइट रिझोल्यूशन, ३२ बाइट पॅलेट, ३२००० चित्र. रिकॉइल किंवा नेटपीबीएम, दोन्ही चालतं.

अमिगाचा आयएलबीएम हा १९८५ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने काढलेला फॉरमॅट, डीलक्स पेंटची चित्रं त्यातच. त्यात 'सीएएमजी' नावाचा एक तुकडा असतो जो सांगतो की चित्र साध्या मोडचं आहे की हॅम मोडचं, म्हणजे ४०९६ रंगवालं. तो तुकडा नसेल किंवा प्रोग्रामने दुर्लक्षला तर हॅम चित्र रंगीत भुस्सा दिसतं. अशा वेळी व्ह्यूअरमध्ये हॅम हाताने लावून बघा.

फोटोवरून स्पेक्ट्रमचं चित्र

हा माझा आवडता भाग, आणि यात सगळ्यात जास्त वेळ जातो. मी आमच्या घरच्या गणपतीचा फोटो घेतला होता, त्याचीच गोष्ट सांगतो.

आधी ४:३ मध्ये कापा आणि निर्दयपणे कापा. मखर, लायटिंग, मोदकांचं ताट, आरतीत उभे असलेले मामा, सगळं बाहेर. २५६ पिक्सेलमध्ये फक्त मूर्तीचा चेहरा आणि सोंड मावते, बाकी सगळं किडे दिसतात. मग कॉन्ट्रास्ट वाढवा, नेहमीपेक्षा खूपच जास्त, डोळ्याला भडक वाटेल इतका. मग २५६ बाय १९२ करा. कन्व्हर्टरच्या हाती मोठा फोटो दिला तर तो आकार कसा लहान करेल ते आपल्या हातात राहत नाही.

मग इमेज टू झेडएक्स स्पेक हा प्रोग्राम उघडा. जावा लागतं. त्यात डिदरिंगच्या, म्हणजे ठिपके मिसळून नसलेल्या छटा भासवायच्या, पद्धती निवडता येतात. फ्लॉइड-स्टाइनबर्ग फोटोला छान दिसतं पण चौकोनांच्या कडेला किडकिडं होतं, ऑर्डर्ड म्हणजे ठराविक नक्षीवालं डिदरिंग जरा यांत्रिक वाटतं पण स्वच्छ. मी ऑर्डर्ड वापरतो.

आणि मग शेंदूर. स्पेक्ट्रमकडे केशरी रंगच नाही. लाल आहे, पिवळा आहे, दोन्हींचे ठिपके एकाआड एक टाकले की लांबून केशरी भासतं, जुन्या टीव्हीवर तर फारच छान. पण मग त्या चौकोनाचे दोन्ही रंग संपले, डोळ्याची काळी रेघ कुठून आणणार? प्रोग्राम स्वतःच्या अकलेने काहीतरी निवडतो आणि गणपतीच्या डोळ्याभोवती पिवळा चौकोन येतो. (कमोडोर ६४ वाले इथे हसतात, त्यांच्याकडे आठ नंबरचा रंग केशरीच आहे.)

म्हणून शेवटचा हात माणसाचाच. एससीआर फाईल मल्टिपेंटमध्ये उघडा, तो चौकोनाचे नियम पाळूनच रंगवू देतो. मी केलं ते असं: सपाट गालावर, कपाळावर लाल-पिवळं मिश्रण ठेवलं, आणि जिथे रेघ जाते ते चौकोन सरळ काळा-पिवळा केले. शिवाय मूळ फोटो चार पिक्सेल डावीकडे सरकवून परत कन्व्हर्ट केला, त्यामुळे डोळा दोन चौकोनांच्या सीमेवर होता तो एका चौकोनात आला. ही सरकवायची युक्ती लक्षात ठेवा, अर्ध्या तासाचं रंगकाम वाचतं.

खऱ्या मशीनवर

आधी पॉवर. स्पेक्ट्रमचा अडॅप्टर ९ व्होल्ट डीसी, पण मधली पिन निगेटिव्ह असते, आजकालच्या बहुतेक अडॅप्टरच्या उलट. घरात पडलेला राउटरचा अडॅप्टर लावून बघू असं मनातही आणू नका.

चित्राची टॅप बनवायला फ्यूजच वापरा. फाईल मेनूत लोड बायनरी डेटा, पत्ता ३२७६८. मग एम्युलेटरमध्ये सेव्ह, नाव, आणि पुढे कोड ३२७६८,६९१२. मग मीडिया, टेप, राइट. थेट स्क्रीनवरून सेव्ह केलं तर 'स्टार्ट टेप' वाला मेसेज चित्राच्या खालच्या ओळी खातो, म्हणून हा वळसा. टॅपची वेव्ह करायला त्याच युटिलिटीजमधलं टेप-टू-वेव्ह.

फोनवरून वाजवणार असाल तर इक्वलायझर बंद, ब्लूटूथ नको, नोटिफिकेशन बंद (मध्येच टिंग झालं की संपलं), आवाज पूर्ण. तरी पुष्कळ फोनचा आवाज कमीच पडतो, मग मध्ये छोटा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. मशीनला जोडायचं डिव्हएमएमसी हे एसडी कार्डवालं उपकरण असेल तर ही सगळी कटकट वाचते, टॅप कार्डवर टाका आणि निवडा.

मशीनवर 'जे' अक्षराचं बटण दाबलं की लोड येतं, मग दोन अवतरण चिन्हं, मग एक्स्टेंड मोड, मग सिंबल शिफ्ट धरून 'के', म्हणजे स्क्रीन-डॉलर. एंटर. पण असं थेट केलं तर लोड झाल्या झाल्या खाली 'ओके' येतं आणि चित्राच्या खालच्या ओळी पुसल्या जातात. म्हणून दोन ओळींचा प्रोग्राम करा: दहा नंबरला लोड, वीस नंबरला पॉज शून्य. बटण दाबेपर्यंत चित्र जसंच्या तसं राहतं.

चार चित्रांचा स्लाइड शो

४८के मशीनवर चित्रं आधीच मेमरीत भरून ठेवता येतात. बेसिकच्या (स्पेक्ट्रममधली अंगभूत प्रोग्रामिंग भाषा) फॉर लूपने एकेक बाइट स्क्रीनवर नेला तर एका चित्राला मिनिटभर तरी लागतं, त्यापेक्षा बारा बाइटचा मशीन कोड घ्या. आधी क्लिअर ३२७६७, मग ६५००० पासून पुढे हे आकडे क्रमाने पोक करा, म्हणजे मेमरीच्या त्या त्या पत्त्यावर लिहा:

३३, ०, १२८, १७, ०, ६४, १, ०, २७, २३७, १७६, २०१

याचा अर्थ, ३२७६८ वरून उचल, १६३८४ वर टाक, ६९१२ बाइट, परत ये. रँडमाइझ यूएसआर ६५००० केलं की चित्र एका फटक्यात येतं, सेकंदाच्या सुमारे विसाव्या भागात.

६९१२ म्हणजे बरोबर २७ गुणिले २५६, त्यामुळे चित्रं एकाला लागून एक ठेवली तर पत्त्याचा फक्त वरचा बाइट २७ ने वाढतो. चार चित्रं कॅसेटवरून लोड करताना कोडपुढे हे पत्ते द्या: ३२७६८, ३९६८०, ४६५९२, ५३५०४. आणि दाखवायला एक लूप, पी १२८ पासून २०९ पर्यंत, स्टेप २७, प्रत्येक वेळी ६५००२ वर पी पोक करा, यूएसआर ६५००० बोलवा, पॉज १५० म्हणजे तीन सेकंद थांबा, नेक्स्ट. पाचव्या चित्राचा प्रयत्न करू नका, ते ६०४१६ ला सुरू होऊन ६५५३६ च्या पलीकडे जातं आणि वाटेत आपला बारा बाइटचा कोडही चिरडतं. मी केलं होतं. काकांसमोर.